हिरव्या दोऱ्याची मासळी

फार जुनी गोष्ट. एका मोठ्या तळ्याच्या काठी एक गाव होतं. त्या गावात द्वारकाबाईची खानावळ होती.

तळ्यातली मासळी वर्षागणिक कमी होत चालली होती. म्हणून गावाने एक ठरवलं. ज्याचं जाळं मोठ्या भोकांचं असेल आणि मासे अंडी घालतात त्या पावसाळी महिन्यांत जो तळ्यात उतरणार नाही, त्याने आपल्या पाटीला हिरवा दोरा बांधावा. म्हणजे तळं राखून धरलेली मासळी कोणती, ते घेणाऱ्याला लांबूनच कळेल.

थोडी महाग पडली तरी द्वारकाबाई दोऱ्याचीच मासळी घ्यायची. तिच्याकडे जेवणारेही त्यासाठीच यायचे.

आषाढ लागला. भिवरा कोळणीची पाटी बाजारात दिसेनाशी झाली. केरबा कोळ्याची मात्र रोज भरलेली, वर हिरवा दोरा. द्वारकाबाईला बरंच वाटलं. तिने दोरा पाहिला आणि मासळी उचलली.

घरी येऊन विळीवर पहिलाच मासा चिरला, तर पोटात गच्च गाभोळी. तिचा हात थांबला. अंडी घालायच्या दिवसांतला मासा, आणि त्याला हिरवा दोरा?

ती तशीच बाजारात गेली. "केरबा, मासा कधी धरलास?"

"आज पहाटे. का मावशी, ताजा नाही?"

"मग दोरा कसा बांधलास?"

केरबा हसला. "तुम्ही तेवढाच बघता ना? मग बांधला."

द्वारकाबाईला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

खानावळीत पंगत बसली होती. गप्प राहिली असती तर लोकांनी गाभोळी मिटक्या मारत खाल्ली असती. पण तिने ताटात पिठलं-भाकरी वाढली. "आज मासळी नाही. दोरा खोटा निघाला आणि मी न विचारता घेतला."

"म्हणजे सगळेच दोरे खोटे!" एकजण ताटावरून उठला. "उद्यापासून स्वस्त मिळेल तीच आणू." त्याच्यामागे आणखी चौघे उठले.

द्वारकाबाई दारात आडवी आली. "भिवरा जाळं खुंटीला टांगून आंबिलीवर दिवस काढतेय. तिचा दोरा खरा आहे. केरबाच्या लबाडीची शिक्षा तिला का देता?"

ते तसेच घरी गेले. पण संध्याकाळी त्यातलेच काहीजण तिच्याबरोबर चावडीवर आले. ठरलं असं, की यापुढे दोरा गावाने बांधायचा, तोही तळ्याच्या काठावर, जाळं आणि मासळी बघून. केरबाचा दोरा काढून घेतला.

त्या पावसाळ्यात मासळीविना खानावळ निम्मी रिकामी राहिली. द्वारकाबाईने ते सोसलं. पाऊस सरल्यावर भिवराची पाटी आली, तेव्हा लोक आधी विचारत, "जाळं कसलं? दोरा कुणी बांधला?" आणि मगच घेत.

काही वर्षांनी तळ्यात पुन्हा हातभर लांबीचे मरळ मासे सापडू लागले. केरबालाही दोरा मिळाला, पण जाळं बदलल्यावर आणि पावसाळ्यात तळ्यात उतरणं सोडल्यावर.

तात्पर्य एवढंच: खूण पाहून घ्यावं, पण ती कुणी आणि का दिली हे विचारून घ्यावं; आणि एकाची खूण खोटी निघाली म्हणून खऱ्या खुणेकडे पाठ फिरवू नये.