डुगडुगत्या स्टुलाची परीक्षा

सांगा बरं मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा? गुळगुळीत स्टुलावर, की ते घडवणाऱ्या हातावर? उत्तराची घाई नको. घाईत भलेभले फसतात.

एक वृद्ध सुतार गावातल्या मुलामुलींना आपली विद्या शिकवत असे. सारे त्याला वस्ताद म्हणत. वर्ष सरलं तशी त्याने परीक्षा आपल्या जुन्या शिष्यावर सोपवली. हा शिष्य आता वर्ग सांभाळत असे. उत्तीर्ण होणाऱ्याला शहरातल्या कारखान्यात काम ठरलेलं होतं.

शिष्याने काटकोन बघायला गुण्या लावला, मापाला टेप लावली आणि प्रत्येक स्टुलाच्या खालच्या अंगाला खडूने निकाल लिहिला. अंकुशच्या स्टुलावरून हात फिरवला तर रेशीम वाटावं. त्याला पहिला क्रमांक. सुगंधाचं मात्र डुगडुगत होतं. पाय जुळवायचे राहिले आणि घंटा झाली. शिष्याने 'नापास' लिहिलं. 

वस्ताद उठला. करवत घेऊन त्याने दोन्ही स्टुलांचा एकेक पाय बोटभर कापून टाकला.

"वस्ताद, अहो, पोरांची मेहनत आहे ती," शिष्य कळवळला.

"परीक्षा आता सुरू होतेय, लेका. चला रे पोरांनो, आपापलं स्टूल सरळ करा."

अंकुशने लगबगीने दुसरा पाय कापला. स्टूल डुगडुगलं. तिसरा कापला, तरी तेच. मग पुन्हा पहिला.

"थांब बाबा," वस्ताद हसला, "स्टूल सांगितलंय, पाट नव्हे." अंकुशही ओशाळून हसला.

सुगंधाने करवतीला हातच लावला नाही. सपाट फरशी शोधली, तोकड्या पायाखाली पाचर सारून बैठक समतल केली. मग पाचरीच्या उंचीचा ठोकळा फिरवत बाकीच्या पायांवर रेघ ओढली आणि एकदाच कापलं. स्टूल ठाम उभं राहिलं.

वस्ताद शिष्याला म्हणाला, "तू स्टूल तपासलंस, मला हात तपासायचा होता. चांगलं लाकूड, चांगला दिवस, एखादी वस्तू साधून जाते. बिघडल्यावर माणूस आधी काय बघतो, तेवढीच त्याची विद्या."

शिष्याने अंगठ्याने 'नापास' पुसलं. खालच्या आवाजात त्याने विचारलं, "मग अंकुशला नापास करू?"

"वर्षभर त्याचं काही डुगडुगलं की धावत कोण जायचं?"

"मीच, वस्ताद. गुणी पोर, म्हणून..."

"मायेनेच गेलास. पण त्याच्या वाट्याची चूक तू खाल्लीस, ती निस्तरायला तो शिकलाच नाही. महिनाभर त्याला माझ्याकडे बसव, तूही शेजारी बस. कारखान्यात त्याची जागा राखायला मी सांगतो."

शिष्याने दुसरी करवत उचलली. तो अंकुशशेजारी जाऊन बसला.

तेव्हा मंडळी, कोणाला गुण द्यायला बसाल, तर एवढी विनंती: हिशेब प्रामाणिक ठेवा. शिकणाऱ्याच्या नावावर उणं मांडताना त्यातलं आपल्या नावावर किती पडतं, तेही मांडा.