राखेतले दोन तुकडे

"ह्यातला तुझा कुठला, डॉक्टर?"

भैरवगीर महाराजांनी तळहात पुढं केला. त्यावर दोन तुकडे होते. सुपारीएवढे, राखाडी.

डॉक्टर वामन निरगुडे वाकून बघत राहिला. मोठा हुशार माणूस, आणि ते त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक! दातांचा डॉक्टर, त्यानं हाडाचं सिमेंट तयार केलेलं. जबड्यातली गाठ काढली की खड्डा पडतो. त्यात हे भरायचं, की थोड्या वेळात घट्ट. आठ वर्षं त्यानं त्यापायी घालवली होती. पहिल्यांदा ते भरलं यमुनाबाई खरमाटेंच्या जबड्यात. बाईनं त्याच जबड्यानं तीन वर्षं भाकरी खाल्ली, आणि परवा तापाचं निमित्त होऊन ती गेली.

आज राख सावडायची होती. यमुनाबाईंचा मुलगा तुळशीराम मडकं घेऊन उभा होता, आणि डॉक्टर डबी घेऊन. माणसाच्या शरीरात तीन वर्षं मुरलेला तुकडा दाखवला तर सिमेंटला परवाना मिळणार होता. नाहीतर आठ वर्षांची मेहनत पाण्यात.

तुळशीराम नाही म्हणाला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "तुमचं तेवढं न्या, डॉक्टरसाहेब. पर आईचं काय मागं ऱ्हायला नको. जीव घुटमळतो म्हनत्यात."

"सोपं आहे," डॉक्टर म्हणाला. "माझा रंगानं..."

तो थांबला. दोन्हींचा रंग सारखाच होता.

"चाळीस वर्षं ह्या घाटावर राख चाळतोय," महाराज म्हणाले. "सोन्याचा दात, लोखंडी सळई, सगळं ओळखतो. हाडाची खूण एकच. जिभेला चिकटतं. लाव."

"जिभेला?... बाईचं हाड?"

"जिवंतपणी तिच्या तोंडात हात घातलासच की."

डॉक्टरनं बोटं रुमालाला पुसली. मग एक तुकडा उचलून जिभेला लावला. चिकटला! ओढून काढावा लागला. म्हणजे हे हाड. झालं काम. उगाच खातरी म्हणून त्यानं दुसराही लावला.

तोही चिकटला.

...

"महाराज, जमलं!" डॉक्टर जवळजवळ ओरडलाच. "हाडासारखी बारीक छिद्रं ठेवली होती मी त्यात, आत हाड वाढावं म्हणून. अहो, खुद्द मला ओळखू येईना, आहात कुठं!"

"मग ने की तुझा."

डॉक्टरचा हात पुढं गेला आणि तसाच राहिला.

"दोन्ही नेतो. मशीनखाली बघतो, आणि तिचं असेल ते उद्या आणून देतो."

"आणि तोवर ती कुठं थांबेल?"

वारा पडला होता. राख केव्हाच गार झालेली. तरी तिच्यात कुठंतरी कट्‌ असा आवाज झाला, दातावर दात बसावा तसा. तिघांनीही तो ऐकला.

तुळशीराम नुसता डॉक्टरकडं बघत होता. डॉक्टरनं हातातल्या डबीकडं पाहिलं. आठ वर्षं! त्याला रडूच फुटलं. मग त्यानं दोन्ही तुकडे उचलून मडक्यात टाकले.

तुळशीराम नदीत उतरला. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यानं मडकं उपडं केलं.

डॉक्टरच्या जिभेवरून राखेची चव जाता जाईना. त्याला भलतीच धास्ती वाटायला लागली. तो महाराजांपाशी सरकला आणि त्यानं हळूच विचारलं,

"काही मागं राहिलं नाही ना रे?"

आवाज ओळखून पाण्यात तुळशीराम गर्रकन वळला.

"आई?..."

डॉक्टरनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

महाराज डोळे मिटूनच बसले होते. म्हणाले,

"आता हेच तुझ्या आवाजात विचार, डॉक्टर."