आठशे ग्लास आणि एक यादी

वसईजवळच्या एका गावातल्या इनास डाबरे यांच्या लेकीचे लग्न तोंडावर आले होते. आठशे पाहुण्यांसाठी त्यांनी नाशिकची परवडणारी रेड वाईन, रिवाजाप्रमाणे बर्फाशिवाय, स्वतः चाखून ठरवली होती. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे मामा पास्कोल आले. टोस्टचा, म्हणजे वधूवरांसाठी पहिला ग्लास उंचावण्याचा मान त्यांचा होता आणि त्याच गावातून ते पंचायतीच्या निवडणुकीलाही उभे होते.

"फ्रान्सची वाईन नसेल, तर मी टोस्ट उचलणार नाही!" मामांनी बजावले.

इनासांच्या तोंडचे पाणी पळाले. भर मांडवात लेकीची शोभा होणार होती. त्यांची बहीण रेजिना मात्र शांतपणे म्हणाली, "आणू की, मामा. आमच्या ऐपतीत ती दोनशे जणांना पुरेल. उरलेले सहाशे रिकामे ग्लास धरून उभे राहतील. त्यांची नावं तेवढी तुम्ही लिहून द्या, आणि टोस्टच्या आधी माइकवरून वाचून दाखवा."

तिने कागद पुढे केला. मामांनी पेन उघडले. पण पहिले नाव लिहायचे कोणाचे? सगळेच मतदार! त्यांनी पेन मिटले.

"नाशिकचीच असू द्या," ते पुटपुटले, "फक्त बर्फ भरपूर टाका."

लग्नात आठशे भरलेले ग्लास एकदम उंचावले. इनासांनी मात्र पहिल्या घोटाआधी आपला ग्लास बहिणीच्या ग्लासाला हलकेच टेकवला.