चंद्रकळेची गोधडी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात गोधड्या शिवणारी एक बाई राहायची. लोक जुनी लुगडी, धोतरं आणून द्यायचे आणि ही गोधडीवाली थरावर थर रचून, बारीक धावदोरा घालून त्यांची गोधडी करायची. तिची गोधडी आजवर कधी फाटली नव्हती. हे ती स्वतःच दिवसातून चारदा सांगायची.

एकदा एक सासू आपल्या आईचं काळं लुगडं, चंद्रकळा, घेऊन आली. कापड ताणून पाहिल्याशिवाय गोधडीवाली सुई उचलत नसे. तिनं चंद्रकळेचं टोक दोन्ही हातांत धरून ताणलं, तर ते टर्रकन फाटलं, इतकं ते विरलेलं होतं. असलं कापड आतल्या थरात घालायचं, हा तिचा नियम. पण तो काळा रंग वरून असा खुलून दिसणार होता की विचारू नका! तिला मोह आवरला नाही. तिनं चंद्रकळा वरच घातली आणि सासूजवळ चकार शब्द काढला नाही.

पहिल्याच धुण्यात गोधडी मधोमध फाटली. धुवायला नदीवर सून गेली होती, म्हणजे खापर कुणावर फुटलं हे सांगायला नको. सासू तिला हाताला धरून गोधडीवालीच्या ओसरीवर घेऊन आली. तिथं आधीच दोन गिऱ्हाइकं गाठोडी घेऊन बसली होती.

"माझ्या आईची एवढीच आठवण होती, ती हिनं दगडावर आपटून फाडली," सासू रडत म्हणाली. "बाई, तुम्हीच काय ते सांगा. हिच्या हातून फाटली असेल तर आजच हिला माहेरी धाडते."

"आत्याबाई, मी नुसती बुचकळली हो," सून म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

गोधडीवालीनं फाटलेली कड बोटांनी चाचपली. ती नुसती गप्प बसली असती तरी तिचं नाव शाबूत राहणार होतं. पण त्या पोरीकडं बघून तिला राहवलं नाही.

"तिनं नाही फाडली. कापडच विरलेलं होतं आणि मला ते ठाऊक होतं. छान दिसतं म्हणून मी वर घातलं. चूक माझी आहे."

एक गिऱ्हाईक गाठोडं उचलून चालतं झालं. दुसरं बसून राहिलं. सुनेचा जीव भांड्यात पडला, आणि गंमत म्हणजे गोधडीवालीलाही एकदम हलकं वाटलं.

तिनं लगेच टाके उसवले, चंद्रकळेखाली धुऊन मऊ झालेलं धोतर सरकवलं आणि फाटलेल्या कडा त्यावर दाट टाक्यांनी बसवायला घेतल्या. "आता सगळा ताण खालचं कापड घेईल," ती म्हणाली. "तुमच्या आईची चंद्रकळा कुठं जात नाही."

सासूची सुनेकडं बघायची छाती होईना. शेवटी तिनं गोधडीचं दुसरं टोक आपल्या मांडीवर ओढलं, सुई घेतली आणि हळूच म्हणाली, "सुनबाई, एवढा दोरा ओवून दे गं. मला मेलीला काही दिसत नाही बघ."

सून डोळे पुसता पुसता हसली आणि तिनं दोरा ओवून दिला.

तात्पर्य एवढंच: आपली चूक लपवली की तिचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर जातं, कबूल केली की दोघांचंही उतरतं.