घाण्याच्या बैलाचा अवकाश

एकदा एका वृद्ध चित्रकाराच्या दारात त्याची जुनी शिष्या येऊन उभी राहिली. काखेत चित्रांची चळत, आणि चेहरा उतरलेला.

"गुरुजी, आपल्याला थोडा अवकाश आहे का?"

"आहे की. ये."

तिने लहान मुलांसाठी एक गोष्ट रचली होती. तेलाच्या घाण्याला जुंपलेल्या बैलाला अवकाशप्रवासाचे स्वप्न पडते, अशी. वर्षभर राबून तिने चित्रे काढली होती. पण स्वप्नाचे पान आले की मुले जांभया देत. घरची भाचीसुद्धा तेवढे पान भरकन उलटून टाकी. प्रकाशकाने बजावले होते, 'हे पान जमले तरच पुस्तक, नाहीतर नमस्कार.' आपल्याला मुलांसाठी काही करताच येत नाही, या विचाराने तिचे मन पोखरले होते.

वृद्धाने ते पान समोर ठेवले. गडद निळ्या आकाशात झगमगते यान होते. त्यात बैल बसला होता, कमरेला पट्टे, नाकात नळ्या, डोक्यावर शिरस्त्राण, समोर शेकडो बटणे. एकेक बटण तिने जीव ओतून रंगवले होते.

"हा कुठे निघालाय?"

"अवकाशात."

"अस्सं. मग अजून पोचला कसा नाही?"

ती काही बोलणार, तोच वृद्धाने रुंद कुंचला निळ्या रंगात बुडवला आणि सरळ यानावरून फिरवला. यान गेले. पट्टे, नळ्या, बटणे, सारे निळ्यात बुडाले. शिष्येचा हात पुढे झाला. मात्र गुरूचा हात धरण्याचे धैर्य तिला झाले नाही. शेवटी पानावर एकटा बैल उरला. मानेवर जू नाही, डोळ्यांवर झापड नाही, आणि चारी पाय अधांतरी.

"रागावलीस?"

"वर्षाची मेहनत होती, गुरुजी."

"मघाशी दारात तू काय मागितलंस?"

"आपल्याला अवकाश आहे का, म्हणून विचारलं."

"तेव्हा तुला काय माझ्याकडून ग्रहतारे हवे होते?" वृद्ध हसला. "अगं, कामातून सुटलेल्या घटकेला आपण अवकाश म्हणतो, आणि त्या वरच्या पोकळीलाही अवकाशच म्हणतो. तुझा बैल जन्मभर गोल फिरलाय. त्याला दुसरं काय हवं असणार? तू मात्र त्याला एका घाण्यातून सोडवलंस आणि दुसऱ्याला जुंपलंस. तूही वर्षभर तशीच फिरत होतीस, म्हणून तुला ते दिसलं नाही."

रंग वाळेपर्यंत शिष्या तिथेच काही न करता बसून राहिली. तसे बसून तिला फार दिवस झाले होते.

संध्याकाळी घरी भाची चित्रे पाहू लागली. ते पान आले आणि तिचा हात थांबला. तिने बैलाच्या पायांवरून बोट फिरवले, मग पायांखालच्या रिकाम्या निळ्यावरून.

"आत्या, आता याला कुणी हाक मारू नका हं," ती हळूच म्हणाली.

पुढच्या चित्रात तेली बैलाला उठवत होता. आत्याने ते चित्र हातात तसेच पालथे धरून ठेवले.