वाफ आलेली गंजी

पूर्वी अंगदेशात एक राजा आपल्या नगरात सुखाने राज्य करीत असताना, त्या नगरापासून दोन दिवसांच्या वाटेवर नदीकाठी वेतसगाव नावाचे गाव होते. बोधिसत्त्व त्या गावात गवत पिकवणाऱ्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रिल, आणि त्याच्या बायकोचे नाव पाटला.

वेतसगावाचे सगळे जगणे गवतावर होते. पुराचे पाणी ओसरले की नदी मागे गाळ ठेवून जाई, आणि त्या गाळात वैशाखापर्यंत कंबरभर उंच गवत उभे राही. आषाढात तीच नदी पुन्हा चढे आणि गावाचे बेट करून टाकी. मग चार महिने गाईबैलांना वैरण एकच, उन्हाळ्यात वाळवून रचलेले गवत. गावामागे एक टेकाड होते. पुरात तेवढेच कोरडे राही, म्हणून सगळ्यांच्या गंज्या तिथेच, खांद्याला खांदा लावून रचलेल्या असत. टेकाडाच्या पायथ्याशी गावाचा गोठा होता. त्यात बावन्न गुरे होती.

पण वैशाख हा लबाड महिना. सकाळी असे ऊन पडे, की दगडावर पाय ठरत नसे. तिसऱ्या प्रहरी वायव्येकडून काळे आभाळ येई आणि वळीव झोडपून जाई. कधी गारा, कधी नुसतेच वारे. या उन्हापावसाच्या खेळात गवत वाळवणे म्हणजे रोजची झुंज होती.

गावाची एक रीत होती. ज्याची गंजी आधी पुरी होईल, ज्याच्या गंजीची शेंडी आधी बांधली जाईल, त्याला गावप्रमुख माळ घाली. पेरणीला त्याचे बैल सर्वांत पुढे चालत. एकदा बांधलेली शेंडी पाऊस लागेपर्यंत कुणी सोडायची नाही. आणि सोडण्याआधी पहाटे गंजीतून वाफ निघाली, तर कुरणदेवी तिच्यात उतरली असे समजत. धूप लावत, फुले वाहत.

त्या वर्षी कोटिक नावाच्या धिप्पाड, हसऱ्या, घाईच्या माणसाने सगळ्यांच्या आधी शेंडी बांधली. आभाळ दिसले की तो ओलेसुके न पाहता गवत उचले आणि टेकाडावर चढवी. त्याचे पाहून बाकीचेही धावले. वीस दिवसांत टेकाडावर गंज्याच गंज्या झाल्या. कुरणात गवत उरले ते एकट्या भद्रिलचे.

भद्रिल रोज सकाळी गवत पसरी, दुपारी दाताळ्याने उलथी आणि आभाळ येण्याच्या आत त्याचे लहान लहान ढीग करी, म्हणजे वळीव आला तरी वरचा थरच भिजावा. दुसऱ्या सकाळी ढीग मोडून पुन्हा पसरी. मग एक मूठ उचलून कानाशी धरी आणि पिळी.

“काय म्हणतंय?” पाटला विचारी.

“अजून गप्प आहे,” तो म्हणे.

गवत पुरते वाळले की मुठीत करकरते. न करकरलेले गवत तो टेकाडावर न्यायला तयार नव्हता.

पाटलाला हे पटत होते आणि पटत नव्हतेही. गेल्या वर्षी तिनेच घाई केली होती. “सगळ्यांचं रचून झालं, आपलंच राहिलं,” असे म्हणून तिने दमट गवत रचायला लावले होते. श्रावणात गंजी उघडली तर आत काळी बुरशी. त्यांची कपिला गाय ते गवत खाऊन आजारी पडली, आणि पोटातल्या वासरासह गेली. भद्रिलने त्याबद्दल तिला कधी एक शब्दही ऐकवला नव्हता. त्याने ऐकवले असते तर बरे झाले असते, असे तिला वाटे.

पण पाणवठ्यावरच्या बायका ऐकवत होत्याच.

“पाटले, तुझा नवरा गवत वाळवतोय की पापड?”

“पापड गं! मूठभर उचलतो नि कानाला लावतो. पापडाशी बोलतो तो!”

पाटला घागर भरून निघून येई. घरी आल्यावर मात्र तिचा पारा चढे. “अहो, माळ नको आपल्याला, पण गंजी तरी हवी ना? उद्या पाऊस लागला तर गुरांना काय तुमचे कान खायला घालायचे?”

भद्रिल हसे आणि दाताळे उचली.

एकविसाव्या पहाटे टेकाडावर गलका उठला. कोटिकच्या गंजीतून वाफ निघत होती. थंड पहाटेत पांढरी, दाट वाफ शेंडीजवळून वर चढत होती. सारा गाव जमला. गावप्रमुख गोपकबाबांनी स्वतः धूप पेटवला. कोटिकच्या म्हाताऱ्या आईने पदर पसरला. कोटिकच्या डोळ्यांत पाणी होते. “माझ्या गंजीत,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “माझ्या गंजीत आली!”

भद्रिल गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने डोळे मिटून श्वास घेतला. धुपाच्या वासाखाली त्याला दुसराच वास आला. गुऱ्हाळातल्या कढईसारखा, गोड.

“कोटिक,” तो म्हणाला, “गंजी आतून तापली आहे. ओलं गवत दाबून ठेवलं की ते स्वतःच्याच अंगानं तापतं. आज उघडायला हवी.”

सगळ्यांच्या नजरा कोटिककडे वळल्या. मग कोटिक हसला, पण ते हसू चांगले नव्हते. “माळ हुकली म्हणून देवीवर उलटलास होय रे? तुझे पापड झाले का वाळून?”

लोक हसले. गोपकबाबा म्हणाले, “भद्रिल, बांधलेली शेंडी सोडायची नसते. ठाऊक नाही का तुला? जा, आपलं काम बघ.”

भद्रिल गेला. पाटला त्याच्यामागून टेकाड उतरली. लाजेने तिचे कान जळत होते.

पण कुरणात आल्यावर सगळेच बदलले. काल वळीव आला नव्हता, आणि आजचे ऊन तर भट्टीसारखे होते. दुपार कलायच्या आत भद्रिलने मूठ पिळली आणि तिच्या कानाशी धरली. गवत करकरले. पाटलाने स्वतः दुसरी मूठ उचलली, तिसरी उचलली. सगळीकडे तोच आवाज. सोनेरी, हलके, सुगंधी गवत नदीच्या काठापर्यंत पसरले होते. वीस दिवसांत ती पहिल्यांदा मोकळेपणाने हसली.

“बांधायचं?” तिने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता पेंढ्या बांधायला बसली.

तेवढ्यात वायव्येला आभाळ काळे झाले.

आणि तेवढ्यातच वारा फिरून टेकाडावरून खाली आला. भद्रिलने मान वर केली. वास बदलला होता. सकाळी गुळासारखा होता, आता करपलेल्या गुळासारखा. त्याने दाताळे जमिनीवर ठेवले.

“कुठं निघालात?” पाटला उभी राहिली.

“गंजी पेटेल. आजच.”

“आणि हे?” तिने दोन्ही हात पसरून गवताकडे दाखवले. “अहो, ते आभाळ दिसतंय ना? आज भिजलं तर गवत गेलं. पुन्हा वीस दिवस वाळवायचं, तर तेवढं ऊन आता उरलेलं नाही.”

“माहीत आहे.”

पाटलाच्या तोंडून मग तिच्या मनातले खरे ते बाहेर पडले. “जळू दे! सकाळी तोंडावर हसले ना सगळे? टेकाड जळलं तर अख्ख्या गावात वैरण फक्त आपल्याकडे असेल. दारात रांग लागेल. म्हणू ते देतील. आपल्याला कपिलेसारखी दुसरी गाय घेता येईल. दोन घेता येतील!”

भद्रिल तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता.

“शेंडी माणसांनी बांधली, पाटले,” तो म्हणाला. “गाईंनी नाही.”

एवढे बोलून तो टेकाडाकडे धावत सुटला.

पाटला एकटी उरली. तिने दात आवळून एक पेंढी बांधली. दुसरी बांधली. तिसरीची गाठ मारताना गोठ्यातून गुरांचे हंबरणे ऐकू आले. एकीने सुरू केले, मग सगळ्यांनीच. कपिला शेवटच्या रात्री अशीच हंबरली होती. पाटलाच्या हातातली गाठ सुटली. तिने पेंढी तशीच टाकली आणि प्यायच्या पाण्याच्या घागरीकडे धाव घेतली.

टेकाडावर देवीची पूजा अजून चालू होती, आणि भद्रिलला धावत येताना पाहून कोटिक विळा घेऊन गंजीपुढे उभा राहिला. “एक पाऊल पुढं टाकलंस तर बघ!”

“मी गंजीला हात लावत नाही,” भद्रिल म्हणाला. “गंजी तुझी. तूच हात घाल. कोपरापर्यंत. आत देवी असेल तर ती आपल्या माणसाला भाजणार नाही.”

गाव बघत होता. मागे फिरणे कोटिकच्या स्वभावात नव्हते. त्याने विळा टाकला, बाही सारली आणि हात गंजीत खुपसला.

दुसऱ्याच क्षणी त्याने किंचाळून तो बाहेर ओढला. हात कोपरापर्यंत लाल झाला होता. ज्या भोकातून हात बाहेर आला, तिथून राखाडी धूर निघाला.

“खेचून काढा! फोडा गंजी!” कोणीतरी ओरडले.

“थांबा!” भद्रिलचा आवाज त्या गावाने एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. “अशी फोडलीत तर वारा लागून भडकेल. आधी पाणी. शेजारच्या गंज्या भिजवा, भोवतालची जमीन भिजवा. मग शेंडीपासून थर थर उतरवू.”

पण कोणी हलेना. बांधलेली शेंडी सोडायची! पिढ्यान्‌पिढ्या जे कुणी केले नव्हते, ते पहिल्यांदा करणारा हात कुणाचा असावा? सगळे गोपकबाबांकडे पाहू लागले, आणि गोपकबाबा आपल्या पायांकडे.

तेव्हा गर्दी फाडून पाटला वर आली. डोक्यावर घागर, धापा टाकणारी. तिने ती घागर शेजारच्या गंजीवर रिकामी केली आणि बायकांकडे वळली.

“बघताय काय? पापड वाळवून झाले माझे! आता पाणी आणायला चला!”

कोणीतरी फिसकन हसले, आणि त्या हसण्याने गावाचे पाय मोकळे झाले. बायका गोठ्याच्या हौदाकडे धावल्या. घागरी, मडकी, चामड्याच्या पिशव्या हातोहात वर येऊ लागल्या. भद्रिल शिडी लावून वर चढला, पण शेंडीच्या गाठीला त्याने हात लावला नाही. खाली बघून म्हणाला, “कोटिक, सोडू?”

कोटिकने भाजलेला हात छातीशी धरला होता. “सोड,” तो म्हणाला. मग आवाज चढवून म्हणाला, “सोड रे! तोड!”

थर उतरू लागले. वरचे पिवळे होते, खालचे तपकिरी, त्याखालचे कोळशासारखे काळे. गाभ्यापर्यंत पोचले तेव्हा भपकन ज्वाला उठली, माणसाएवढी उंच. पण तोवर चहूकडे पाणीच पाणी झाले होते. ओल्या गोणपाटांनी तो गाभा उचलून सगळ्यांनी मिळून उताराने नदीत लोटला. नदी फुसफुसली आणि शांत झाली. बाकीच्या गंज्या जागच्या जागी उभ्या होत्या. गोठ्यातले हंबरणे थांबले.

त्या शांततेत पहिली वीज कडाडली.

पाटलाने खाली पाहिले. कुरणात त्यांचे गवत उघडे पसरले होते, एकही ढीग न केलेले. आभाळ नदीच्या पलीकडच्या काठाला टेकले होते. एवढे गवत दोन माणसांनी उचलून होण्यासारखे नव्हते. मदतही मागता येत नव्हती. दुसऱ्याच्या पट्टीतल्या गवताला हात लावायचा नाही, हीदेखील गावाची रीतच होती.

“वहिनी,” कोटिक म्हणाला, “ते गवत कुणाचं?”

“आमचं,” पाटला म्हणाली. “दुसरं कुणाचं असणार?”

“आज रीतीच मोडायच्या आहेत ना? मग ही पण मोडू!” आणि तो भाजलेला हात वर धरून, बैल सुटावा तसा उतारावरून धावत निघाला. “चला रे! आभाळ आधी की आपण आधी?”

मग वेतसगाव धावले. सगळा गाव, गोपकबाबांसकट. कुणी पेंढ्या बांधल्या, कुणी पदरात भरले, कुणी धोतराचा सोगा सोडून त्यात गवत घेतले. कुरणापासून टेकाडापर्यंत माणसांची रांग लागली आणि गवत हातोहात, डोक्यावरून, खांद्यावरून वर चढू लागले. कोटिकच्या गंजीची रिकामी, भिजलेली जागा सोडून तिच्या शेजारी कोरड्या दगडांवर भद्रिल थर रचत होता, आणि वर उभा राहून कोटिक पायांनी दाबत होता, नाचल्यासारखा. वारा सुटला. धूळ उडाली. कोटिकची म्हातारी आई खाली उभी राहून ओरडत होती, “अरे, भरभर! माझ्या वयाची माणसं तुमच्यापेक्षा भरभर मरतात!”

शेवटची पेंढी पाटलाची होती. तिने ती वर फेकली, भद्रिलने झेलली, शेंडी आवळली गेली. गाठ बसली आणि टपोरी गार पाटलाच्या कपाळावर आपटली. मग गारांचा मारा सुरू झाला. सगळा गाव गंज्यांच्या आडोशाला अंग चोरून बसला, ओला, काजळलेला, आणि हसत होता. इतका हसत होता, की गारांचा आवाज ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी ऊन पडताच प्रत्येकाने आपापल्या गंजीत हात घातला. तीन गंज्या तापलेल्या निघाल्या. त्या सगळ्यांनी मिळून उघडल्या, पसरल्या, करकरेपर्यंत वाळवल्या आणि पुन्हा रचल्या. भद्रिलच्या गंजीतले अर्धे गवत कोटिकच्या गुरांना गेले. ते देताना पाटलानेच पेंढ्या मोजायचे सोडून दिले. गोपकबाबांनी माळ आणली तेव्हा भद्रिल गोठ्यात होता. त्याने ती जवळ उभ्या असलेल्या गाईच्या गळ्यात घातली, आणि शेजारच्या गाईने ती तिथल्या तिथे खाऊन टाकली.

त्यानंतर वेतसगावात पहाटे एखाद्या गंजीतून वाफ निघाली, तर धुपाआधी हात पुढे येऊ लागला. त्या पावसाळ्यात नदी फार चढली. चार महिने गाव बेट होऊन राहिले. पण बावन्न गुरांतले एकही कमी झाले नाही.

जेतवन विहारात एक भिक्षू आपले अर्धे शिवलेले चीवर, म्हणजे भिक्षूचे वस्त्र, पावसात टाकून, नेहमी त्याचा उपहास करणाऱ्या आजारी सोबत्याच्या शुश्रूषेला गेला होता. त्यावर इतर भिक्षूंत चर्चा चालली असताना शास्ता बुद्धांनी ही पूर्वीची गोष्ट सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा कोटिक म्हणजे आज बरा होऊन तुमच्यामध्ये बसलेला हा भिक्षू. गोपकबाबा म्हणजे विहाराच्या दाराशी बसणारा तो वृद्ध उपासक. जिने पहिली घागर उचलली ती पाटला म्हणजे, आता शुश्रूषा करणाऱ्या भिक्षूचे भिजलेले चीवर शिवून देणारी ती थेरी, ती ज्येष्ठ भिक्षुणी. आणि भद्रिल मीच होतो.”

आपल्या गवतासाठी वीस दिवस थांबणारा, दुसऱ्याच्या गंजीसाठी क्षणभरही थांबला नाही. बोधिसत्त्वाने त्या जन्मी पूर्ण केली ती मैत्री-पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.