रंगाचा बोर्ड

“पण दर वेळी हात का टेकायचा, बाबा?” दौलतने विचारलं.

“टेक तर खरा,” दस्तगीरबाबा म्हणाले.

बाबांचा तो शिरस्ताच होता. यंत्रातल्या कुठल्याही बोर्डाला बोट लावण्याआधी सांगाड्याच्या उघड्या लोखंडावर तळवा टेकायचा, जरा थांबायचं, मगच आत हात घालायचा. अंगातली वीज उतरते, म्हणायचे. दौलतला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याने शहरात ढीगभर कॉम्प्युटर उघडले होते आणि कधी काही बिघडलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ते काही खोटं नाही.

यंत्र म्हणजे कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर होता. धरण होण्याआधी शेवरखोरं गाव घर न् घर मोजून त्यात चितारलं होतं. चितारणाऱ्यांत बाबाही होते. पुढे यंत्र भंगारात निघालं, तेव्हा त्यांनीच ते दर्ग्यामागच्या आपल्या खोलीत आणून ठेवलं. गाव आता खिडकीबाहेरच्या पाण्याखाली होतं.

आत तीन मोठे बोर्ड. एक घरांच्या कडा न् कोपरे मांडायचा, दुसरा त्यांत रंग भरायचा, तिसरा सगळं पडद्यावर धाडायचा. रंगाचा बोर्ड केव्हाच गेला होता. दौलतने कुठून कुठून हुडकून तसा एक मिळवला. दुसरा मिळण्याची आशा नव्हती.

आणि दाराशी शाल पांघरून त्याची आई बसली होती, पारूबाई. तिची नजर विझत चालली होती. पुरती विझायच्या आत तिला शेवरखोरं, आपलं माहेर, एकदा बघायचं होतं.

थंडीतली कोरडी दुपार. पाण्याचा उजेड छतावर हलत होता. खोलीच पाण्यात बुडाल्यासारखी वाटत होती.

दौलतने डोक्यावरून स्वेटर ओढून काढला. तडतड झाली, केस उभे राहिले.

“राहू द्या हो तुमचं सोवळं. आई केव्हाची बसलीय.”

त्याने पिशवीतून बोर्ड उचलला. बोटाशी बारीकशी ठिणगी उडाली...

बाबांनी डोळे मिटले.

बोर्ड बसला. यंत्र घुमू लागलं. काळ्या पडद्यावर गाव उमटलं, नुसत्या पांढऱ्या रेघांचं. दौलतने बंद करून परत लावलं. रेघाच.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “मेला, बाबा... माझ्याच हातानं मेला.”

बाबा उठले, पारूबाईचा हात धरून तिला पडद्यासमोर बसवलं.

“ह्ये काय हाय, बाबा?”

“गाव आहे, बाई. नुसत्या रेघा आहेत.”

पारूबाईने पडद्याला बोट लावलं. बोट हळूहळू चालू लागलं.

“ही शिंप्याची आळी... हितनं वळलं का आमची पायरी...”

बोट एका चौकटीवर येऊन थांबलं.

“निळं दार. दादानं रंगवलं, आन् तसंच निळं हात घिऊन जेवाय बसला. आईनं काय हाणला त्याला!” ती खुदकन हसली. “आन् तुळस बघ की रं, दौलत. किती वाढलीया!”

दौलतने वाकून पाहिलं. दोन रेघांच्या मध्ये काळोख होता. मोजणीत तुळस कुणी धरलीच नव्हती.

त्याला रडू आवरेना. बाबांचे पाय धरून तो म्हणाला, “बाबा, चुकलो मी. पण मी दुसरा आणतो. कुठूनही आणतो. तिला नीट दाखवायचंय मला सगळं...”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. तिला दिसतंय.”